पक्ष्यांच्या छायाचित्रणासाठी ३०० मिमीची लेन्स पुरेशी असते का?

आपण विचारले आहे की आपल्याकडे ३०० मिमीची लेन्स आहे, तिच्यातून पक्षी चौकटीत फार लहान येतो, आणि ६०० मिमीखाली पक्ष्यांच्या छायाचित्रणाला अर्थ नाही असे आपल्या गटातील अनुभवी सदस्य सांगतात. तेव्हा नवी लेन्स घ्यावी की छंदच सोडावा. छंद सोडू नका आणि लेन्सही इतक्यात घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांनी आपल्याला हे सांगितले त्यांचे म्हणणे चुकीचे आहे, आणि अशा सांगण्याचा शेवट कुठे होतो हे मी जवळून पाहिलेले असल्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

आधी अंतराचा हिशेब मांडते. बारा मीटरवर बसलेला पक्षी ६०० मिमीच्या लेन्समधून जेवढा मोठा दिसतो, तेवढाच तो सहा मीटरवरून ३०० मिमीच्या लेन्समधून दिसतो. अंतर निम्मे झाले की पक्षी चौकटीत लांबीने दुप्पट आणि क्षेत्रफळाने चौपट होतो. आपला कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा, असेल तर दृश्यकोनाच्या दृष्टीने आपली ३०० मिमी साधारण ४५० मिमीसारखी वागते. त्यातूनही पक्षी लहान वाटला, तर २४ मेगापिक्सेलच्या चित्राची लांबी-रुंदी निम्मी कापल्यावर ६ मेगापिक्सेल उरतात, आणि पडद्यावर पाहण्यास किंवा बेताच्या आकारात छापण्यास तेवढे पुरतात. लांबून मोठ्या लेन्सने चित्र घेताना मधल्या हवेचा थरही वाढतो, याचा विचार फारसा कोणी करत नाही. ऊन चढल्यावर जमिनीलगतची तापलेली हवा थरथरू लागते, पिसांचे बारकावे त्यात विरून जातात, आणि कितीही महाग काच त्यावर उपाय करू शकत नाही.

आता ज्या प्रसंगामुळे मी हे लिहायला बसले तो सांगते. मी ज्या गटाबरोबर जात असे त्यात एक ज्येष्ठ छायाचित्रकार होते. पक्ष्यांची ओळख आणि कॅमेऱ्याचे तंत्र या दोन्हींत त्यांचा हात धरणारे गटात कोणी नव्हते, आणि मला आज जे येते त्यातले बरेचसे मी त्यांच्याकडूनच शिकले. मात्र लहान लेन्स घेऊन येणाऱ्यांना ते गंभीरपणे घेत नसत. लेन्स घ्या, मग या, असे ते नवख्यांना सरळ सांगत, आणि ते ऐकून काही जण परत आलेच नाहीत.

एका विणीच्या हंगामात गटातील कोणाला तरी स्वर्गीय नर्तकाचे घरटे सापडले. बारीक फांदीच्या बेचक्यात गवताच्या काड्या आणि तंतू विणून, वरून कोळ्याच्या जाळ्यांचा लेप देऊन केलेले ते लहानसे, द्रोणासारखे घरटे होते. या पक्ष्यात नर आणि मादी दोघेही अंडी उबवतात. पांढरा नर बसलेला असतो तेव्हा त्याच्या शेपटीच्या दोन लांब फिती घरट्याबाहेर लोंबत राहतात, आणि ते दृश्य टिपण्याची इच्छा मलाही झाली होती, हे सांगितलेच पाहिजे. अडचण अशी होती की घरट्यासमोर पानांची दाटी होती आणि वरच्या एका डहाळीची सावली नराच्या तोंडावर पडत होती. त्या गृहस्थांनी समोरच्या दोन फांद्या वाकवून दोरीने बाजूला बांधल्या आणि वरची डहाळी कापून टाकली. त्यांच्याजवळ ६०० मिमीची लेन्स होती, तरीही पान आडवे आल्यावर ती उपयोगाची ठरली नाही, याकडे आपण लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. लांब लेन्स घेतली की पक्ष्यापासून आपोआप योग्य अंतर राखले जाते, हा गटांमधून सर्रास सांगितला जाणारा समज त्या दिवशी माझ्यापुरता संपला.

मी तिथल्या तिथे हरकत घेतली. त्यावर ते म्हणाले, "त्याला काही फरक पडलेला नाही, पाहा, परत येऊन बसला." मी त्यांना सांगितले की पक्षी परत येतो तो आपल्याला मान्यता द्यायला नव्हे, अंडी थंड पडली किंवा उन्हात तापली तर आतला जीव मरतो, आणि म्हणून भीती वाटत असतानाही त्याला बसावे लागते. यावर त्यांचे उत्तर होते, "तुमची लेन्स लहान आहे, म्हणून तुम्हाला नियम आठवतात." गटातील कोणी काही बोलले नाही. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

चित्रे उत्तम आली होती. प्रकाश, पार्श्वभूमी, नराच्या डोळ्यातील चमक, कशातही बोट ठेवायला जागा नव्हती, आणि गटात त्यांचे पुष्कळ कौतुक झाले. काही दिवसांनी गटातील एक जण दुर्बीण घेऊन लांबून पाहून आला, तेव्हा घरटे रिकामे होते आणि एका बाजूने उसवलेले होते. ते कावळ्याने उसवले की आणखी कोणी, याचा पुरावा माझ्याकडे नाही आणि मी तसा दावाही केला नाही. बैठकीत मी विषय काढला, तेव्हा ते म्हणाले की अशी उघडी घरटी नाहीतरी मोठ्या प्रमाणात लुटली जातातच.

हे विधान खरे आहे. उघड्या, वाटीच्या आकाराच्या घरट्यांचे अपयश बहुतांशी भक्षकांमुळेच होते. पण त्यातून जो निष्कर्ष निघतो तो त्यांच्या विरुद्ध जातो. ज्या घरट्याच्या यशाची शक्यता मुळातच कमी आहे, तिथे लपण्याचे एकमेव साधन असलेली पाने काढून टाकणे हे इतर कोणत्याही ठिकाणी पाने काढण्यापेक्षा अधिक घातक आहे. पानांमुळे घरटे कावळ्याच्या नजरेआड राहते, दुपारच्या उन्हापासून पिल्लांचे रक्षण होते, आणि माणसे पुन्हा पुन्हा एकाच झाडाखाली जमली तर त्यांच्या वावरानेही घरट्याची जागा इतरांना कळते. हे मी बैठकीत सविस्तर मांडले होते, आणि आज आपल्या प्रश्नाच्या निमित्ताने पुन्हा मांडते आहे, कारण त्या दिवशी त्याचे उत्तर मला मिळाले नाही.

त्यांचा दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार होता आणि त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते. पक्ष्यांच्या छायाचित्रणाची सुरुवातच घरट्यांपासून झाली, मग आजच ते निषिद्ध कसे, असे त्यांनी विचारले. इतिहास त्यांनी सांगितला तसाच आहे. रिचर्ड आणि चेरी कीर्टन या इंग्रज बंधूंनी १८९२ मध्ये अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले आणि पुढची अनेक वर्षे त्यांचे बरेचसे काम घरट्यांभोवतीच चालले. एरिक हॉस्किंग या इंग्रज पक्षी-छायाचित्रकारांना तर १९३७ मध्ये घरट्याजवळ घुबडाने केलेल्या हल्ल्यात एक डोळा गमवावा लागला, आणि त्यानंतरही त्यांनी पक्ष्यांचे छायाचित्रण सोडले नाही. परंतु त्या काळी चित्र काचेच्या पट्ट्यांवर उमटवले जाई, त्यांना प्रकाश फार लागत असे, जड कॅमेरा बहुधा तिवईवरच ठेवावा लागे, आणि म्हणून पक्षी ज्या जागी हमखास परत येईल अशी जागा आधी ठरवून तिथे नेम धरून बसणे भाग होते. अशी जागा म्हणजे घरटे. आजचा साधा कॅमेरासुद्धा ३२०० आयएसओवर, म्हणजे कमी प्रकाशातही, स्वच्छ चित्र देतो, सेकंदाला अनेक चौकटी टिपतो, आणि बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांचा फोकस पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतो. ज्या अडचणीमुळे घरट्यावर जावे लागत होते ती अडचण उरलेली नाही, त्यामुळे ती सबबही उरलेली नाही. कीर्टन बंधूंकडून काही घ्यायचेच असेल तर त्यांची लपण्याची कला घ्यावी. पक्ष्यांच्या जवळ जाता यावे म्हणून त्यांनी आतून पोकळ असा खोटा बैल तयार केला होता आणि त्यात बसून ते चित्रे घेत. लांब लेन्सच्या आधाराशिवाय त्यांनी जे मिळवले ते पक्ष्याची सवय ओळखून आणि आपले अस्तित्व झाकून मिळवले, आणि ३०० मिमीच्या लेन्सचा उपयोग याच मार्गाने होतो.

पक्षी परत येईल अशा जागा घरट्याशिवाय पुष्कळ असतात. वेडा राघू उडता कीटक पकडून बहुधा त्याच काटकीवर परत येतो. खंड्याच्या मासे टिपण्याच्या ठरलेल्या फांद्या असतात. चिखलातून चरत जाणारे तुतारी पक्षी काठाकाठाने एका दिशेने सरकत येतात, आणि आपण त्यांच्या वाटेवर पुढे जाऊन, जमिनीवर आडवे होऊन, हालचाल न करता थांबलो तर ते पुष्कळदा आपणहून ३०० मिमीच्या टप्प्यात येतात. अशा वेळी अंतर पक्ष्याने ठरवलेले असते. चालत जायचे असेल तर सरळ पक्ष्याच्या रोखाने जाऊ नये. तिरके, थांबत, खाली वाकून जावे. पक्ष्याने चरणे थांबवले, मान ताठ केली किंवा तो एकटक आपल्याकडे पाहू लागला तर तिथेच थांबावे, आणि तो पुन्हा चरू लागला नाही तर मागे सरावे. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, किंवा चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटत पुढे जाऊ लागला, तर जवळपास अंडी किंवा पिल्ले आहेत हे समजून पायाखाली पाहत आलेल्या वाटेनेच परतावे. त्या क्षणी चित्र घेत बसू नये.

वारा आणि सूर्य यांचा उपयोग लेन्सपेक्षा अधिक होतो. पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उडतात आणि उतरतात. वारा आणि सकाळचे कोवळे ऊन दोन्ही आपल्या पाठीशी असतील तर उडणारा पक्षी तोंडावर प्रकाश घेऊन आपल्याच दिशेने येतो. बसलेल्या पक्ष्यासाठी १/५०० आणि उडत्यासाठी १/२००० सेकंदाच्या आसपासचा शटर वेग धरावा, आणि बगळ्यासारखा पांढरा पक्षी गडद पार्श्वभूमीवर असेल तर एक्स्पोजर थोडे कमी करावे, अन्यथा पिसांतील तपशील जातो व नंतर भरून काढता येत नाही. बाकीच्या सेटिंग आपल्याला माहीत असतीलच.

ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावण्याच्या मी पूर्णपणे विरोधात आहे. विणीच्या काळात नर तो आवाज प्रतिस्पर्ध्याचा समजून हद्द राखायला धावून येतो, आणि पिल्लांसाठी खाद्य शोधण्याचा वेळ व शक्ती प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेल्या शत्रूवर खर्च करतो. दुर्मीळ पक्ष्याची किंवा घरट्याची नेमकी जागा जाहीर करण्याबाबतही माझे मत तितकेच ठाम आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेची ईबर्ड ही नोंदप्रणाली काही संवेदनशील जातींच्या जागा सार्वजनिक नोंदींतून लपवते, ते याच कारणासाठी. चित्र इतरांना देण्यापूर्वी त्यातील जीपीएसची माहिती काढून टाकावी.

काही गोष्टी मात्र मान्य केल्या पाहिजेत. मोठी लेन्स घेणारा प्रत्येक जण फांद्या कापतो असे मला म्हणायचे नाही. अनेकांनी तिचा उपयोग पक्ष्यापासून अधिक लांब राहण्यासाठीच केला आहे, आणि तो योग्य उपयोग आहे. संशोधनासाठी रीतसर परवानगी घेऊन होणारे घरट्यांचे चित्रीकरण हा वेगळा विषय आहे. तसेच उंच आकाशात घिरट्या घालणारे शिकारी पक्षी, तळ्याच्या मध्यभागी बसलेली बदके आणि झाडाच्या शेंड्यात वावरणारे वटवटे यांच्यासाठी ३०० मिमी खरोखर अपुरी पडते, आणि कितीही संयम ठेवला तरी ते अंतर कमी होत नाही. आपली आवड मुख्यतः अशाच पक्ष्यांची असेल तर १५०-६०० किंवा १००-४०० मिमीची झूम लेन्स आधी भाड्याने किंवा ओळखीच्या माणसाकडून घेऊन वापरून पाहावी, कारण तिचे वजन दिवसभर खांद्यावर पेलते की नाही हे दुकानात कळत नाही. आहे त्याच लेन्सवर टेलिकन्व्हर्टर, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारा, लेन्सची पोहोच वाढवणारा जोड, लावण्याचा सल्ला आपल्याला कोणी दिला असेल तर तो बेताने घ्यावा: १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप आणि दुप्पट करणारा दोन स्टॉप प्रकाश खातो (प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो, आणि एफ/ पुढचा आकडा वाढतो), म्हणजे एफ/५.६ ची लेन्स दुप्पट कन्व्हर्टरने एफ/११ ची होते, आणि सकाळच्या मंद प्रकाशात बऱ्याच कॅमेऱ्यांचा फोकस तिथे चाचपडू लागतो.