लाकडी जमीन आत्ताच घासून घ्यायची, की मुलं मोठी होऊ द्यायची?

प्रश्न: घरात लाकडी फ्लोअरिंग आहे. मुलं ३ आणि ७ वर्षांची. खुर्च्या ओढून ओढून जेवणाच्या टेबलाखाली चरे पडलेत, खेळायच्या कोपऱ्याकडे तर बघवत नाही. सगळं घासून नवं पॉलिश चढवायला आमच्या अडीच महिन्यांच्या घरखर्चाइतके पैसे सांगितलेत. आपत्कालीन निधी चार महिन्यांचा आहे. त्यातून काढावेत, की कंत्राटदार देतोय ते बिनव्याजी हप्ते घ्यावेत? घराच्या विम्यातून काही मिळेल का?

उत्तर: आत्ता करू नका. निधीतूनही नको, हप्त्यांवरही नको.

चारातून अडीच गेले की हाताशी दीड महिना उरतो. लहान मुलं असलेल्या घराला मी सहा महिन्यांचा निधी सांगतो. तुमचा आधीच कमी आहे, आणि ओरखडे म्हणजे काही आपत्ती नव्हे. बिनव्याजी हप्त्यांबद्दल कंत्राटदाराला एकच विचारा: सगळे पैसे एकरकमी दिले तर किती कमी कराल? तो जो फरक सांगेल, ते तुमचं व्याज. प्रक्रिया शुल्क असेल तर तेही त्यात धरा.

पण खरं कारण पायाखाली आहे. लाकडाची जाडी हे तुमचं मुद्दल, आणि दर सँडिंगला, म्हणजे मशीनने घासताना, त्यातलं थोडं कायमचं जातं, कधी मिलिमीटरभरसुद्धा. अखंड लाकडाची फळी १८ ते २० मिमी जाड असली तरी घासता येतो तो फक्त फळ्या एकमेकींत अडकवायच्या खाचेच्या वरचा भाग, साधारण ६ मिमी. इंजिनिअर्ड फ्लोअरिंगवर (खाली प्लायवुडसारखा आधार, वर खरं लाकूड) खऱ्या लाकडाचा थर पुष्कळदा २ ते ४ मिमीचाच असतो, स्वस्तातल्या मालात त्याहूनही पातळ. २ ते ४ मिमीचा थर एकदा, फार तर दोनदा घासता येतो. धाकटं तीन वर्षांचं असताना ती संधी वापरून टाकायची, आणि पाच वर्षांनी पुन्हा चरे मोजत बसायचे? (आणि तुमचं लॅमिनेट निघालं तर प्रश्नच मिटला. ते घासताच येत नाही. वर लाकूड नसतं, छापलेलं चित्र असतं. कंत्राटदाराकडून थराची जाडी लिहून घ्या.)

आधी ओरखडे थांबवा. त्याचा खर्च या रकमेपुढे किरकोळ आहे. आज रात्री एक खुर्ची उलटी करून बघा. पायांना चिकटवलेलं फेल्ट (जाड, मऊ कापडाचं पॅड) बहुधा अर्धं बाजूला सरकलं असेल, उघड्या गोंदाला केस आणि कचकच चिकटली असेल. वाळूचा कण पॉलिशपेक्षा कठीण असतो. तो फेल्टमध्ये रुतला की तेच पॅड सँडपेपरचं काम करतं. खुर्ची दिवसभर आडवी ओढली जाते, म्हणून नुसत्या गोंदावरचे पॅड तिथे टिकत नाहीत. स्क्रूने बसणारे किंवा पायावर मोज्यासारखे चढणारे घ्या, महिन्यातून एकदा ब्रशने साफ करा, फेल्ट दबून कडक झालं की बदला. अभ्यासाच्या खुर्चीला कडक नायलॉनची चाकं असतील तर मऊ पॉलियुरेथेनची बसवा. दाराशी बरं पायपुसणं ठेवा आणि रोज झाडून घ्या. बरीचशी कचकच बाहेरूनच येते.

खेळायच्या कोपऱ्यात गालिचा घाला, पण खाली रबर किंवा पीव्हीसीचं अस्तर नको; त्याने पॉलिशवर डाग पडतात, आणि ते पुसून जात नाहीत. दोन गोष्टी मुलांसाठी. सुटलेलं छोटं पॅड धाकट्याच्या तोंडात जाऊ शकतं. आणि फेल्ट लावलेलं कपाट सहज सरकतं, त्यावर कोणी चढलं तर काय होईल हे सांगायला नको. ड्रॉवरची उंच कपाटं भिंतीला पक्की करा. पॅडआधी हा खर्च.

मधला मार्गही आहे. चरा फक्त पॉलिशमध्ये असेल तर लाकडाला हात न लावता वरचा थर हलका खरवडून नवा कोट देता येतो. जुनं पॉलिश मेणाचं असेल तर हे जमत नाही. याचा भाव वेगळा मागा. तो बराच कमी यायला हवा. आधी चऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब तसाच राहिला तर पॉलिश शाबूत आहे. तो मुरून लाकूड काळसर झालं तर तिथलं पॉलिश गेलंय, आणि तेवढी जागा मात्र आत्ताच दुरुस्त करा. पाणी आत गेलं की फळी फुगते, मग बिलही वाढतं. कुसं निघत असतील तरी थांबू नका, मुलं अनवाणी फिरतात.

मोठ्या कामासाठी वेगळा निधी उभा करा, पण आपत्कालीन निधी सहा महिन्यांवर नेल्यावर. आजचाच भाव धरला तर पाच वर्षांत, म्हणजे ६० हप्त्यांत, दरमहा घरखर्चाच्या ४ टक्क्यांच्या आसपास लागतील. वर्षाला ६ टक्के महागाई धरली तर आजचे १०० पाच वर्षांनी १३४ होतात, म्हणून आजच्या घरखर्चाच्या साडेपाच टक्के बाजूला काढा. पैसे आवर्ती ठेवीत ठेवा, शेअर बाजारात नको. काम काढाल तेव्हा काही दिवस दुसरीकडे राहायचा खर्चही धरा: धूळ आणि वास मुलांना सोसत नाही, आणि पॉलिश वाळलेलं दिसलं तरी पूर्ण पक्कं व्हायला आठवड्यापासून महिन्यापर्यंत लागतो. तोवर गालिचेही घालता येत नाहीत.

विम्याचं म्हणाल तर फार आशा धरू नका. वापराने हळूहळू झालेली झीज घराच्या पॉलिसीत सहसा वगळलेली असते. अचानक काही जड पडून फळी फुटली तर कलमं वाचून बघा, पण स्वतःच्या खिशातून भरायचा भाग त्या एका फळीच्या दुरुस्तीपेक्षा मोठा असेल, तर दावा करून उपयोग नाही.