‘एकच भाग’ म्हणता म्हणता दोन वाजतात: हे व्यसन आहे का?

“मला वेब सिरीजचं व्यसन लागलंय का, एवढंच सांगा.” आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या बाईंनी बसल्या बसल्या विचारलं. वय पस्तिशीच्या पुढचं, नोकरी, शाळेत जाणारी दोन मुलं. (हे उदाहरण एकाच व्यक्तीचं नाही. सारखीच तक्रार घेऊन येणाऱ्या अनेकांचं मिळून ते बांधलं आहे आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) रात्री मुलं झोपली की त्या टीव्हीसमोर बसायच्या, एकच भाग बघायचा असं ठरवून. उठायच्या दीड-दोनला. सकाळी साडेसहाचा गजर. दिवसभर डोकं जड, दुपारच्या मीटिंगमध्ये डुलक्या, आणि नवऱ्याचा टोमणा ठरलेला: “त्या टीव्हीशीच संसार कर.” फोनमध्ये एक यादीही होती. ‘ही बघच’ म्हणून कुणी ना कुणी सुचवलेल्या चाळीसेक सिरीज. “एक संपली की दोन वाढतात,” त्या म्हणाल्या.

आधी व्यसनाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, व्हिडिओ गेम खेळण्याशी जोडलेला विकार आहे. सिरीज बघण्याचा स्वतंत्र विकार त्यात नाही, डीएसएम-५ या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेतही नाही. तेव्हा रोज तीन तास सिरीज बघणाऱ्याला कुणी ‘व्यसनी’ ठरवत असेल तर ते निदान नव्हे, शेरा आहे. पण निदान नाही म्हणून त्रास नाही, असंही होत नाही. सकाळी गाडी चालवताना डोळे मिटत असतील तर त्याला कोणतंही नाव द्या, काहीतरी करायलाच हवं.

म्हणून तासांच्या आधी आम्ही दुसऱ्याच गोष्टी विचारतो. गेल्या दोन आठवड्यांत जवळपास रोज उदास वाटतंय का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरलाय का? भूक कशी आहे? सिरीज बघताना मजा येते, की नुसती समोर चालू असते? एवढ्यात घरात मृत्यू, आजारपण, नोकरीतला धक्का असं काही झालंय का? हे विचारायचं कारण असं की नैराश्य असेल तर रात्रभर टीव्ही चालू राहणं हे त्याचं एक टोक असतं. अशा वेळी रिमोट काढून घेतला तर माणूस अंधारात छताकडे बघत पडतो, बरा होत नाही. या बाईंच्या बाबतीत तसं नव्हतं. त्या हसत होत्या, जेवत होत्या, आवडत्या पात्राबद्दल बोलताना खुलत होत्या. झोप तेवढी मोडली होती.

पहिल्या आठवड्यात काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. किती वाजता बसलात, किती भाग ठरवले होते, किती बघितले, किती वाजता उठलात, आणि बसण्याआधी मनात काय होतं ते एका ओळीत. बहुतेकांना ही वही शाळकरी वाटते. पण तिच्याशिवाय ‘खूप बघते’ यापलीकडे काही कळत नाही. त्यांच्या वहीतला मंगळवार असा होता: बसले १०:१०, ठरवला १, बघितले ४, उठले १:५०. शेवटच्या रकान्यात ‘दमलेय, कुणाशी बोलायचं नाही’. पन्नास मिनिटांचे चार भाग म्हणजे तीन तास वीस मिनिटं. मग उरलेली वीस मिनिटं कुठे गेली? नवी सिरीज निवडण्यात. पोस्टरांवरून बोट फिरवत, दोन-तीन ट्रेलर बघत. शुक्रवारीही तेच झालं होतं.

आठवडाभराच्या नोंदी शेजारी ठेवल्या तर आणखी एक गोष्ट दिसली. पहिला भाग संपल्यावर त्या एकदाही उठल्या नव्हत्या, आणि चौथ्याच्या मध्यावर मात्र दोनदा उठल्या होत्या. हे विचित्र वाटतं, पण त्यातच इलाज आहे.

भाग संपतो ती जागा थांबण्यासाठी सर्वांत वाईट. लेखक तिथेच गाठ मारून ठेवतात: दार वाजतं, फोन येतो, कुणीतरी खोटं बोललंय हे कळतं आणि पडद्यावर नावं. पूर्वी ही गाठ सुटायला आठवडा थांबावं लागे, कारण पुढचा भाग हातात नसायचा. नेटफ्लिक्सने फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘हाऊस ऑफ कार्ड्स’चा पहिला सीझन एका दिवशी एकदम दिला आणि ही पद्धत रूढ होत गेली. थांबण्याचं काम पूर्वी वेळापत्रक करायचं, ते आता रात्री साडेअकराला दमलेल्या बघणाऱ्यावर येऊन पडलंय. त्यात पुढचा भाग काही सेकंदांत आपोआप सुरू होतो. म्हणजे बघत राहायला काहीच करावं लागत नाही, आणि थांबायला मात्र हात उचलावा लागतो. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी आपली स्पर्धा झोपेशी असल्याचं म्हटलं होतं. तेवढं प्रांजळपणे आपणही मान्य केलेलं बरं: समोरची बाजू तयारीची आहे, इच्छाशक्तीच्या जोरावर रोज तिच्याशी झुंजण्यात अर्थ नाही.

मग करायचं काय, तर मध्यात थांबायचं. ठरलेला भाग संपल्यावर पुढचा मुद्दाम लावायचा आणि आठ-दहा मिनिटांनी बंद करायचा. बहुतेक सिरीजमध्ये मागच्या भागाची गाठ पुढच्याच्या सुरुवातीला सुटते किंवा निदान सैल होते, आणि पुढची गाठ अजून बसलेली नसते. तिथे ओढ सर्वांत कमी असते. बंद केलेली जागा ॲप लक्षात ठेवतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाता येतं.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात दोन ठिकाणी फसतं. ‘एवढा प्रसंग संपू दे’ म्हणून आणखी वीस मिनिटं जातात आणि भागाचा शेवटचा तिसरा हिस्सा सुरू होतो. मग सुटका नाही. म्हणून पुढचा भाग लावतानाच फोनवर दहा मिनिटांचा गजर लावायचा आणि फोन हाताशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा. बंद करायला उठावं लागलं की अर्धं काम झालं. दुसरी गफलत म्हणजे हा उपाय सगळ्याच मालिकांना लावणं. वीस-बावीस मिनिटांच्या विनोदी मालिकेत गोष्ट त्याच भागात मिटते. तिथे शेवटीच थांबा, मध्यात तोडलं तर उगाच चुटपुट लागते.

याच्या जोडीला आपोआप पुढे जाणं बंद करायचं. नेटफ्लिक्सवर ही सोय ब्राउझरमधून खात्यात जाऊन, आपल्या प्रोफाइलच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये मिळते. तिथे दोन खुणा असतात: एक पुढचा भाग आपोआप लागण्याची, दुसरी पोस्टरवर थांबलं की झलक सुरू होण्याची. दोन्ही काढायच्या. बाकीच्या ॲपमध्ये नावं थोडी वेगळी असतात, पण ‘ऑटोप्ले’ हा शब्द बहुधा सापडतो. इथे हमखास होणारी चूक: ही सेटिंग प्रोफाइलगणिक असते. बाईंनी स्वतःच्या प्रोफाइलवर बंद केली आणि टीव्हीवर बघत होत्या मुलांच्या प्रोफाइलवरून. दोन रात्री ‘काही फरक पडत नाही’ म्हणत राहिल्या. सेटिंग बदलूनही फरक दिसला नाही, तर दुसऱ्या प्रोफाइलवर जाऊन परत आपल्यावर यायचं.

आता त्या यादीकडे. कुणी सिरीज सुचवतं तेव्हा ‘भारी आहे’ एवढंच सांगतं. किती भाग, केवढा भाग, गोष्ट कुठे मिटते, हे कुणी सांगत नाही. बघणाऱ्याच्या झोपेचा मात्र याच तीन गोष्टींशी संबंध असतो. म्हणून चाळीस नावांसमोर आम्ही भागांची संख्या लिहायला लावली. ‘ब्रेकिंग बॅड’चे पाच सीझन मिळून ६२ भाग, बहुतेक पाऊण तासाचे. आठवड्याला पाच तास धरले तर नऊ-दहा आठवडे. ‘शिट्स क्रीक’चे ८० भाग ऐकून छाती दडपते, पण भाग साधारण बावीस मिनिटांचा, म्हणजे सगळे मिळून तीस तासांच्या आतबाहेर, शिवाय कुठेही थांबता येतं. ‘द क्वीन्स गॅम्बिट’ ७ भागांत संपते, ‘चेर्नोबिल’ ५ भागांत. ‘फ्लीबॅग’चे दोन सीझन, प्रत्येकी ६ भाग, तेही अर्ध्या तासाच्या आतले. ‘ब्लॅक मिरर’मध्ये प्रत्येक भागाची गोष्ट वेगळी. उलट ‘२४’ या मालिकेत एका सीझनचे २४ भाग म्हणजे एका दिवसाचे २४ तास, आणि प्रत्येक तास ऐन अडचणीत सोडलेला. कामाच्या दिवशी रात्री दहाला ती लावणं म्हणजे जागरणाचं निमंत्रण.

आमचं मत असं: कामाच्या रात्रींसाठी छोटे, त्याच भागात मिटणारे भाग, गुंतागुंतीची सलग गोष्ट सुट्टीच्या दिवशी. ‘डार्क’सारखी काळाचे धागे गुंतवणारी, २६ भागांची सिरीज झोपेला आलेल्या डोक्याने बघितली तर निम्मी कळत नाही आणि परत मागे जावं लागतं. अणुदुर्घटनेवरची ‘चेर्नोबिल’ लहान आहे म्हणून झोपण्याआधी बघावी असंही नाही. लांबी पुरेशी नसते, विषयही बघावा लागतो.

चाळिसातली तीन नावं उरली: एक चालू, एक हलकीफुलकी, एक राखीव. बाकीची पुसायची नाहीत, नुसती वेगळ्या वहीत टाकायची. पुसायला सांगितलं की लोक मनातल्या मनात यादी धरून बसतात. आणि निवड दिवसा करायची, चहाच्या वेळी वगैरे. रात्री टीव्ही लावायचा तो काय बघायचं हे ठरवून झाल्यावरच. वीस मिनिटं तिथे वाचली.

झोपेचं एक वेगळं प्रकरण आहे. २०१७ मध्ये १८ ते २५ वयोगटातल्या ४२३ जणांच्या पाहणीत सलग भाग बघणाऱ्यांची झोप तुलनेने खराब आढळली, आणि झोपण्याआधी डोक्यात चालू राहणारे विचार हा त्यातला दुवा दिसला. पाहणीवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण बाईंचं वर्णन अगदी याला जुळणारं होतं: “दिवा मालवला तरी पात्रं बोलतच राहतात.” अशांना पडद्याचा उजेड कमी करून फारसं मिळत नाही, गोष्टच अजून चालू असते. त्यासाठी बंद केल्यावर दोन ओळी लिहायच्या: आता काय झालं, पुढे काय होईल असं वाटतं. मग अर्धा-पाऊण तास मंद उजेडात किरकोळ कामं, डबे काढून ठेवणं, कपड्यांच्या घड्या. झोपायची वेळ मागेपुढे झाली तरी उठायची एकच ठेवायची. सुट्टीच्या दिवशी दहापर्यंत लोळलं की त्या रात्री झोप लांबते आणि टीव्हीला आयतं कारण मिळतं.

एवढं करून तिसऱ्या भेटीत त्या वैतागून आल्या. पाचपैकी दोनच रात्री जमलं होतं. वहीतला शेवटचा रकाना परत वाचला तेव्हा उरलेल्या तिन्ही रात्री एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत होतं: दिवसभरात माझा म्हणावा असा एवढाच वेळ. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये झोप लांबवण्याच्या या सवयीवर लिहिलं आहे: अडवणारं कुणी नसताना माणूस ठरलेल्या वेळी झोपत नाही. अशा वेळी सिरीज कमी करा म्हणणं म्हणजे तिचा एकुलता एक मोकळा तास काढून घेणं. ती विरोध करणारच, आणि तिचं बरोबर आहे. म्हणून बोलणी घरातल्या कामांवर गेली. नवऱ्याला एका भेटीला बोलावलं. मुलांना झोपवणं आठवड्यातून तीन दिवस त्यांच्याकडे आलं आणि त्या दिवशी बाईंचा भाग नऊला सुरू होऊ लागला. पुढच्या पंधरवड्यात दहापैकी सात रात्री त्या साडेअकराच्या आत अंथरुणात होत्या. उरलेल्या तिन्ही रात्री नवऱ्याला कामावरून यायला उशीर झाला होता.

नवा सीझन आला की हे सगळं कोलमडतं, ते धरूनच चाला. त्यासाठी ठरवून केलेलं बिंज, म्हणजे एका बैठकीत बरेच भाग सलग बघणं, बरं. सकाळी जेवढं लवकर जमेल तेवढं सुरू करायचं, चार भागांची हद्द, दर दोन भागांनी उठून चालणं-खाणं, आणि अंधार पडायच्या आत बंद. अपराधीपणा नको. एक मात्र लक्षात असू द्या: २०१७ मध्येच मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी एकच मालिका काहींना सलग, काहींना रोज एक भाग आणि काहींना आठवड्याला एक भाग अशी दाखवली. सलग बघणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी ती सर्वांत चांगली आठवत होती, पण पुढे त्यांचीच स्मृती सर्वांत वेगाने ओसरली. आणि मालिका आवडल्याचं त्यांनी बाकीच्यांपेक्षा कमी सांगितलं. आवडती सिरीज असेल तर पुरवून बघा, असं सांगताना आमच्याकडे हे कारण असतं.

घरच्यांना एवढंच: चालू भागात रिमोट हिसकावू नका, टोमणे मारू नका. बोलायचं असेल तर दुसऱ्या दिवशी बोला, आणि ‘किती बघतेस’ ऐवजी ‘काल कितीला झोपलीस’ असं विचारा. लपवून बघणं, खोटं बोलणं, सुट्ट्या पडणं, गाडी चालवताना डोळा लागणं किंवा काहीच बघण्यात मजा न वाटणं, यातलं काही दिसलं तर डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जायला वेळ लावू नका. जगणंच नकोसं झालंय असं कुणी बोलून दाखवलं तर त्याच दिवशी जा, आणि तोवर त्या माणसाला एकटं सोडू नका.