गेलिक शाखेतील पहिली भाषा निवडताना
आयर्लंडची आयरिश, स्कॉटलंडची स्कॉटिश गेलिक आणि आइल ऑफ मॅन या बेटाची मँक्स या केल्टिक कुळाच्या गेलिक शाखेतील तिन्ही भाषा एकदम सुरू करू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. आयरिश निवडल्यास मन्स्टर, कॉनॉट किंवा अल्स्टर या आयर्लंडमधील प्रांतांच्या बोलींपैकी एकाच बोलीची ध्वनिमुद्रणे आरंभापासून ऐकावीत, कारण आयरिशच्या १९५८ च्या अधिकृत प्रमाणलेखनाने उच्चार ठरत नाहीत. खरी कसोटी शब्दारंभी बदलणाऱ्या व्यंजनांची आहे: ‘बो’ म्हणजे गाय, पण ‘माझी गाय’ म्हणताना त्या शब्दाच्या आरंभी ‘व’सारखा ध्वनी येतो, आणि हे ठाऊक नसल्यास शब्दकोशात शब्द सापडतच नाही. म्हणून प्रत्येक नाम ‘माझा-माझी’ जोडूनच पाठ करावे. क्रियापद वाक्यारंभी येण्याची सवय मात्र लवकर होते. मँक्सचे अखेरचे पारंपरिक भाषक नेड मॅड्रेल १९७४ मध्ये वारले, तरी आज आइल ऑफ मॅनवर मुले तिच्यातून शिकतात. तिला मृत समजून वगळू नये.