रस्टअप टाकलं तरी रस्टसी जुनीच आवृत्ती का दाखवतं?

म्हणजे डेबियन १२ वर आधी आप्टने (डेबियनचा पॅकेज इन्स्टॉलर) रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा टाकलेली, प्रोजेक्टला तिची एडिशन २०२४ हवी म्हणून वर रस्टअपही (रस्टच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) टाकलंत, आणि तरी 'रस्टसी --व्हर्जन' मारून रस्टच्या कंपायलरची आवृत्ती विचारली की १.६३ च. बरोबर ना?

रस्टअप बिघडलेलं नाही, तुमची हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाहीये. टर्मिनलमध्ये 'व्हिच -ए रस्टसी' मारून बघा. बहुतेक अशा ओळी येतील: वर यूएसआर-बिनमधला रस्टसी, खाली होम फोल्डरच्या डॉट-कार्गोमधला. पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, जो आधी सापडेल तोच शेल उचलतं. डॉट-कार्गोची ओळच नसली तर टर्मिनल बंद करून नवीन उघडा, पाथ तेव्हा बदलतो. मी तर सरळ 'सुडो आप्ट रिमूव्ह रस्टसी कार्गो' करून मोकळा होतो. नंतर 'हॅश -आर' विसरू नका, बॅश (टर्मिनलमधलं नेहमीचं शेल) जुना पत्ता लक्षात ठेवून बसतं.

डेबियनला नावं ठेवू नका. १.६३ ही ऑगस्ट २०२२ ची आवृत्ती, आणि एडिशन २०२४ ला किमान १.८५ लागते, ती आली फेब्रुवारी २०२५ मध्ये. रस्टची नवी स्टेबल दर सहा आठवड्यांनी येते. त्या वेगाने पळणं हे डेबियनचं कामच नव्हे.

आता पुढचा घोळ आत्ताच सांगून ठेवतो. डॉट-कार्गोमधला रस्टसी हा कंपायलर नाहीच, तो रस्टअपचा निरोप्या आहे. खरे कंपायलर डॉट-रस्टअपच्या टूलचेन्स फोल्डरमध्ये (टूलचेन म्हणजे एका आवृत्तीचा कंपायलर आणि सोबतची साधनं). कोणाला बोलवायचं हे तो दर वेळी ठरवतो: तुम्ही कमांडमध्ये '+नाइटली' (रोज निघणारी प्रायोगिक आवृत्ती) लिहिलंत तर तेच. नाहीतर रस्टअप-टूलचेन हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. तोही नसला तर चालू फोल्डरपासून वर वर जात ओव्हरराइड (त्या फोल्डरला ठरवून दिलेली टूलचेन) किंवा रस्ट-टूलचेन डॉट टॉमल फाईल शोधतो, जे जवळ ते खरं. काहीच नाही मिळालं तर डिफॉल्ट.

मी एकदा चुकून होम फोल्डरमध्येच 'रस्टअप ओव्हरराइड सेट नाइटली' मारलं होतं. दोन महिन्यांनी ऑफिसात सहकाऱ्याकडे बिल्ड न होणारा कोड माझ्याकडे मस्त चालत होता, आणि मी त्याच्याच मशीनला दोष देत होतो! 'रस्टअप शो' मारलं तेव्हा नाइटली का निवडली हे कारणासकट समोर आलं. 'ओव्हरराइड अनसेट' केलं आणि त्याला चहा पाजला.

तेव्हापासून ओव्हरराइड वापरतच नाही. प्रोजेक्टच्या मुळाशी ती टॉमल फाईल ठेवतो, चॅनेलपुढे नेमकी आवृत्ती लिहितो आणि गिटमध्ये टाकतो. दुसऱ्याने क्लोन केलं की त्यालाही तीच मिळते. नेट हळू असेल तर आधी 'रस्टअप सेट प्रोफाइल मिनिमल' करा, नाहीतर प्रत्येक टूलचेनबरोबर सगळी डॉक्स उतरत बसतात. मात्र मग क्लिपी (कोडमधल्या चुका सुचवणारं) आणि रस्टएफएमटी (कोड नीट मांडणारं) 'रस्टअप कंपोनंट अ‍ॅड'ने वेगळे मागवावे लागतील.