एम.ए. करतोय, विज्ञानाच्या इतिहासावर किंवा तत्त्वज्ञानावर निबंध वाचायचा आहे. पुढच्या कोणत्या परिषदा धराव्यात?

इतिहासाकडे कल असेल तर २०२९ ची आंतरराष्ट्रीय विज्ञान-तंत्रज्ञान इतिहास परिषद धरा. तत्त्वज्ञानाकडे असेल तर अमेरिकेतल्या फिलॉसॉफी ऑफ सायन्स असोसिएशनचं अधिवेशन, ते सम वर्षी भरतं. पहिली दर चार वर्षांनी होते, २०२५ मध्ये ती न्यूझीलंडच्या डुनेडिनला झाली, म्हणून पुढची २०२९. तेवढं थांबायचं नसेल तर हिस्टरी ऑफ सायन्स सोसायटीची सभा दरवर्षी असते.

मी मात्र चौवार्षिक परिषदेलाच जा म्हणेन, कारण तिथे विषयाची दिशाच बदलल्याचा दाखला आहे. १९३१ साली लंडनला भरलेल्या याच परिषदेत सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ बोरिस हेसन यांनी न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथाची मुळं त्या काळच्या जहाजवाहतूक, खाणी आणि तोफांच्या गरजांत दाखवली. त्या एका निबंधावर आजही वाद होतो!

एक लक्षात ठेवा: हा हिशोब नेहमीच्या चालीवरचा आहे. कोविडमध्ये असोसिएशनचं २०२० चं अधिवेशन २०२१ वर गेलं, आणि प्रागची २०२१ ची इतिहास परिषद ऑनलाइन घ्यावी लागली. गोषवारा बऱ्याच महिन्यांआधी मागतात, तेव्हा तो आधी तयार ठेवा; तिकीट मात्र स्वीकृती हातात आल्यावरच काढा.