हॉटलाइनसाठी विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालणारा क्लायंट निवडताना काय पाहावे?

आपण विचारले आहे की, घरात एक विंडोजचा आणि एक लिनक्सचा संगणक असताना हॉटलाइनसाठी दोन्हींवर चालणारा एकच क्लायंट घेता येईल का आणि घेताना काय तपासावे. हॉटलाइन म्हणजे सर्व्हरवर जाऊन गप्पा मारण्याची आणि फाइली उतरवण्याची जुनी प्रणाली, आणि क्लायंट म्हणजे त्या सर्व्हरशी जोडून देणारा आपल्या संगणकावरचा प्रोग्रॅम. असा एकच क्लायंट घेता येईल; मात्र तो दोन्ही संगणकांवर उघडतो, एवढ्यावरून त्याने उतरवलेली फाइल दोन्हींवर शाबूत राहते असे समजू नये.

मी सोलापुरात डीटीपीचे काम करतो. चादरींची लेबले आणि मराठी, कन्नड, तेलुगू लग्नपत्रिका यांचे जुने काम एका जुन्या पॉवर मॅकवर पडून होते. ते पेनड्राइव्हने विंडोजवर आणले, तेव्हा पत्रिका आल्या; पण फाँटच्या फाइली शून्य केबीच्या दिसू लागल्या. मग त्याच मॅकवर हॉटलाइनचा सर्व्हर चालू करून नव्या संगणकावरच्या क्लायंटने त्या उतरवल्या, तरीही शून्यच. दोष वायरचा नव्हता.

१९९६ च्या सुमारास अ‍ॅडम हिंकली या ऑस्ट्रेलियन तरुणाने हॉटलाइन लिहिले ते मॅकसाठी, आणि जुन्या मॅकवर एका फाइलला दोन भाग असत: डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क. मॅकच्या टाइप १ फाँटची अक्षरांची रेखाटने पूर्णपणे रिसोर्स फोर्कमध्ये असतात आणि डेटा फोर्क रिकामा असतो. हॉटलाइनचा सर्व्हर हे दोन्ही भाग एका वेष्टनात बांधून पाठवतो. ते वेष्टन सोडल्यावर दुसऱ्या भागाचे काय करायचे, हे क्लायंट लिहिणाऱ्याच्या हाती असते. कोणी तो टाकून देतो, कोणी दोन्ही भाग मॅकबायनरी स्वरूपाच्या एकाच फाइलीत ठेवतो, तर कोणी नावाआधी टिंब आणि अधोरेषा असलेली वेगळी फाइल करतो. माझ्या पहिल्या क्लायंटने तो निमूटपणे टाकून दिला होता, आणि मला राग आला तो या निमूटपणाचा. म्हणून पहिली चाचणी हीच करावी: एखादा जुना मॅक फाँट उतरवून त्याचा आकार पाहावा. फाइल स्टफिटने (मॅकवरच्या, झिपसारख्या प्रोग्रॅमने) आधीच आवळलेली असेल, तर हा धोका टळतो. मीही शेवटी मॅकवरच सगळे फाँट आवळले आणि मग उतरवले.

दुसरी गोष्ट अक्षरांची. मूळ हॉटलाइन मॅकरोमन ही एका बाइटची संकेतप्रणाली वापरते. जुन्या मॅकवाल्यांना फोल्डरच्या नावाशेवटी ƒ हे चिन्ह लावण्याची सवय होती. क्लायंटने संकेत चुकीचा धरला की तिथे Ä दिसते. सर्व्हरवरील फोल्डरांची यादी उघडताच हे कळते. मॅकरोमनमध्ये देवनागरी अजिबात नाही. त्यामुळे क्लायंट आणि सर्व्हर दोघेही यूटीएफ-८ (देवनागरीसह सर्व लिपींची संकेतप्रणाली) समजत असल्याखेरीज मराठीत गप्पा मारण्याची अपेक्षा ठेवू नये.

लिनक्सचा संगणक जुना असेल, तर क्लायंट कशावर उभारला आहे, हेही पाहावे. इलेक्ट्रॉन आणि टॉरी हे वेब तंत्राने प्रोग्रॅम बनवण्याचे दोन सांगाडे आहेत. इलेक्ट्रॉनवर उभारलेला क्लायंट स्वतःचे क्रोमियम, म्हणजे अख्खा ब्राउझरच, बरोबर आणतो. टॉरीवर उभारलेला प्रणालीतलाच वेबव्ह्यू (वेबपान दाखवणारा भाग) वापरतो, त्यामुळे तो आकाराने लहान असतो, पण लिनक्सवर त्यासाठी वेबकिटजीटीके ही लायब्ररी लागते.

जोडणीची फारशी चिंता नको. गप्पा आणि याद्या ५५०० या पोर्टवर, तर फाइली ५५०१ वर चालतात, आणि दोन्ही जोडण्या क्लायंट स्वतः सुरू करतो. म्हणून घरच्या राउटरमध्ये पोर्ट उघडावे लागत नाही. ते स्वतःचा सर्व्हर बाहेरच्यांना उघडून देतानाच लागते. माझे काम एकाच खोलीतले होते, त्यामुळे तो प्रश्नच आला नाही.

पासवर्डबाबत मात्र सावध राहावे. मूळ प्रोटोकॉलमध्ये तो कूटबद्ध होत नाही. प्रत्येक बाइटचे बिट फक्त उलटे केले जातात, आणि वाटेत ऐकणाऱ्याला ते पुन्हा उलटवायला क्षणही लागत नाही. बहुतेक ठिकाणी पाहुणा म्हणून पासवर्डविना जाता येते. खाते काढावेच लागले, तर बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड तिथे देऊ नये.