सकाळी दोघंही नोकरीवर जातो, तर फ्लॅटमध्ये दोन कुत्री सांभाळणं जमतं का?

तुम्ही लिहिलं की नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलगी चौथीत, दोन बेडरूमचा फ्लॅट, दोन कुत्री घ्यायची म्हणतो तर सकाळी जमेल का, आणि शेवटी विचारलं, "आमची आवराआवर होईपर्यंत बांधून ठेवलं तर चालेल ना?" ती शेवटची ओळ वाचली आणि मी कणीक तशीच झाकून ठेवून लिहायला बसली. नाही चालत. बिलकुल नाही चालत.

आमच्याकडे दोन आहेत. बर्फी, पिवळी लॅब्रॅडॉर, चार वर्षांची, आणि काळू, आपला गावठी, भर पावसात आमच्याच गल्लीतल्या नालीत सापडलेला, आता तीन वर्षांचा. आम्ही नागपूरला मानेवाड्यात राहतो, दुसरा मजला. यांची बुटीबोरीला नोकरी, कंपनीची बस सव्वासहाला चौकात येते. पोरीची व्हॅन पावणेसातला. मी बँकेत, नऊला निघते. सासूबाई सोबत असतात, त्यांची पूजा सहाला सुरू होते.

आता गेल्या जूनची गोष्ट सांगते. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तर शाळेचा पहिला दिवस, आणि आदल्या रात्री अमरावतीहून भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, आणि जाऊबाई आले. गप्पांत एक वाजला. मी म्हटलं चला झोपू, सव्वापाचला कुत्र्यांना फिरवावं लागते. तर भासरे म्हणाले, "एक दिवस नाही फिरवलं तर काय मरून राहिले का ते? गावाकडच्या वाड्यात बाबांच्या वेळी तीन कुत्री होती, दिवसभर साखळीला राहायची, कोणाले काही त्रास नव्हता. बांधून टाक बाल्कनीत आणि निवांत झोप." यांनीही मान हलवली. मोठे आहेत, पाहुणे आहेत, मी ऐकलं. ही चूक माझी, मी मान्य करते.

सव्वापाचला काळू उठला, कारण त्याची वेळ झाली होती, पाहुणे आले ते त्याला काय माहीत. बाल्कनीत रडायला लागला. मी डबा करून राहिली होती, तर भासरेच उठले, त्याला हॉलमध्ये आणलं आणि कपडे वाळवायच्या स्टीलच्या स्टँडला बांधलं. पावसामुळे सगळे कपडे घरात होते, स्टँड गच्च भरलेला. पावणेसातला व्हॅनचा हॉर्न वाजला. आता काळूचं असं आहे की हॉर्न वाजला की तो पोरीला सोडायला दारापर्यंत जातो म्हणजे जातोच, तीन वर्षांत एक दिवस चुकला नाही. तो निघाला तसा स्टँडही निघाला. पोरीचा दुसरा युनिफॉर्म, जाऊबाईंची साडी, यांचे बनियान, सगळी वरात हॉलमधून. स्टँडचा पाय डायनिंग टेबलच्या कापडात अडकला आणि पोह्यांचं पातेलं, पोह्यांवरच्या तर्री-रश्श्याचं भांडं, सगळं फरशीवर. भावाचं चाललं आहे म्हटल्यावर बर्फी बाल्कनीत कशाला थांबते, पट्ट्यातून मान काढली आणि थेट पोह्यांवर. सासूबाई हातात तांब्या घेऊन दिवाणावर उभ्या, "माझं सोवळं, माझं सोवळं" करून राहिल्या, पोरगी एका पायात बूट घालून रडून राहिली कारण दुसरा बूट बर्फीनं रात्रीच कुठेतरी नेऊन ठेवला होता, खाली व्हॅनवाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नाही, आणि काळू बिचारा दार बंद पाहून दोनदा गोल फिरला आणि दाराशी ठेवलेल्या भासऱ्यांच्या चामड्याच्या बॅगेवर त्यानं पाय वर केला.

रात्री साडेनऊला शेवटचा खाली नेला होता त्याला. सव्वानऊ तास झाले होते. माणसाला ठेवा बरं सव्वानऊ तास बांधून. दारापर्यंत गेला, दार उघडण्याची वाट पाहिली, मग केलं. याच्यापेक्षा शहाणं कोण वागणार?

भासरे म्हणाले कुत्र्याला वळण नाही. तिथे माझा पारा चढला. मी म्हटलं, "भाऊजी, वळण त्याला आहे. रोजची वेळ त्यानं पाळली, आपण मोडली." जाऊबाई हसल्या, आणि त्यावरून आमच्या घरात पंधरा दिवस अबोला होता ते वेगळंच.

पण मला त्या वेळी खरी भीती वाटली ती बर्फीची, कारण पोह्यात कांदा, तर्रीत कांदा. कुत्र्यांना कांदा चालत नाही, लसूणही नाही, शिजवला तरी नाही. त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि लगेच काही दिसत नाही, दोनचार दिवसांनी कुत्रं मलूल होते, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी वजन विचारलं, कांदे किती होते ते विचारलं. किलोमागे साधारण 15 ते 30 ग्रॅम कांदा पोटात गेला की धोका मानतात, बर्फी 30 किलोची आणि पोहे-तर्री मिळून तीन मध्यम कांदे, त्यातलंही निम्मं फरशीवर आणि साडीवर. चार दिवस रोज तिचे ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. काही झालं नाही. पण पाच किलोचं पॉमेरेनियन असतं तर? म्हणून नागपूरच्या घरात, जिथे सकाळी पोह्याशिवाय पान हलत नाही, तिथे ताट खाली ठेवायचं नाही, लाडानं एक घासही द्यायचा नाही. द्राक्षं, मनुका, चॉकलेट तेही नाही.

तुमच्या प्रश्नावर येते. जमते. दोन असले तर एकापेक्षा सोपं जाते असं माझं मत आहे, दिवसभर एकमेकांना धरून राहतात. पण हस्की घेऊन राहिले असाल तर नका घेऊ. मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करावं लागते, आणि तुम्ही त्याला बर्फातलं कातडं घालून डांबरावर चालवणार? हौसेपायी जिवाचे हाल आहेत ते. गावठी घ्या. काळू कूलर नसला तरी फरशीवर मजेत पडतो, बर्फीला मात्र कूलरच्या तोंडाशीच बसायचं असते आणि बाकी घराला वारा लागत नाही. उन्हाळ्यात सहाच्या आत फिरवून आणा. उशीर झालाच तर हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून पाहा, सात सेकंद ठेववत नसेल तर त्यांचे पंजेही भाजतात.

हे सगळं सहा महिन्यांच्या पुढच्या कुत्र्याचं सांगितलं. लहान पिल्लू घेतलं तर दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागते, दोघंही नोकरीवर आणि घरात म्हातारं माणूस नसेल तर पिल्लू घेऊ नका, मोठं झालेलं घ्या. पावसाळ्यात गोचीड रोज पाहा, कानात आणि बोटांच्या मधे. रेबीजची लस दरवर्षी. आणि सोसायटीवाले बंदी घालतो म्हणाले तर घाबरायचं नाही, अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डानं 2015 मध्ये स्पष्ट लिहून दिलं आहे की बहुमतानं ठराव केला तरी पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. घाण मात्र आपण उचलायची, त्यात वाद नाही.

वेळ विचारली होती ना? आमच्याकडे सव्वापाच ते सहा. पंचेचाळीस मिनिटं, एवढंच. एक दिवस हे, एक दिवस मी. त्यानंतर दोघंही कूलरसमोर असे झोपतात की व्हॅनच्या हॉर्नला फक्त काळू उठतो, पोरीला दारापर्यंत सोडतो आणि परत येऊन पडतो. दिवाळीला भासरे येणार आहेत, मी यांना आत्ताच सांगून ठेवलं आहे, पहिल्या दिवशी सव्वापाचला काळूचा पट्टा भाऊजींच्या हातात द्यायचा.